हबसाणातून दख्खनेत : मलिक अंबरचे जीवन

गुलामगिरीविरुद्ध गुलामांनीच मिळवलेला सर्वांत मोठा विजय म्हणून जगाच्या इतिहासात हैतीचे नाव घेतले जाते. कॅरिबियन समुद्रातील एका बेटाच्या पश्चिम भागात फ्रेंच मळेवाल्यांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी गुलामांना ऊस आणि कॉफीच्या लागवडीला जुंपले होते. 1791 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उठाव केला. गुलामीतच जन्मलेल्या तुसाँ लूव्हेर्त्युर या पुरुषाने त्या उठावाला शिस्तबद्ध सैन्याचे रूप दिले आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र राष्ट्र म्हणून उभे राहिले. या घटनेच्या दोन शतके आधी आफ्रिकेतून विकला गेलेला एक मुलगा महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन पोहोचला होता. त्याने मालकाविरुद्ध बंड पुकारले नाही. परंतु ज्या भूमीत तो विकत घेतलेली वस्तू म्हणून आला, तेथील राज्याचा कारभार त्याने सव्वीस वर्षे आपल्या हाती ठेवला आणि मोगल बादशाहीला दक्षिणेत निर्वेधपणे पाय रोवू दिले नाहीत. मलिक अंबर हे त्याचे नाव. मराठ्यांच्या इतिहासाची पूर्वपीठिका त्याच्यावाचून पुरी होत नाही; आणि गुलामगिरीच्या इतिहासात त्याचे स्थान हैतीच्या वीरांहून वेगळे असले तरी विचार करण्याजोगे आहे.

अंबरचा जन्म सुमारे 1548 साली इथिओपियात, म्हणजे मराठी कागदपत्रांतील हबसाणात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांची खरेदी-विक्री राजरोस चालत असे. हबसाणच्या डोंगराळ मुलखातून पकडलेली मुले किनाऱ्यावर आणली जात, अरबस्तानच्या बंदरांत विकली जात आणि तेथून इराक, इराण व हिंदुस्थानकडे पाठवली जात. या व्यापारात हिंदुस्थानातील सुती कापडाला मोठी मागणी होती. दक्षिणेत विणलेले कापड पश्चिमेकडे जाई आणि त्याच्या मोबदल्यात हबशी मुले पूर्वेकडे येत. विणकराच्या मागावरील ताग्याचा आणि आईपासून तोडलेल्या मुलाचा असा संबंध जुळलेला होता.

चापू प्रथम येमेनच्या मोखा बंदरात विकला गेला आणि पुढे बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची बुद्धी ओळखली. त्याने मुलाला इस्लामची दीक्षा दिली, लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकवला व अंबर हे नवे नाव ठेवले. अंबर म्हणजे सागरात सापडणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना सुगंधी द्रव्यांची किंवा रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती. त्या नावांतून मालकाची हौस दिसे, माणसाचे कूळ मात्र पुसले जाई. चापूचे आईबाप कोण, गाव कोणते, याची नोंद इतिहासाने ठेवली नाही. पुढे आयुष्यभर तो अंबर म्हणूनच ओळखला गेला.

बगदादहून त्याला दख्खनेत आणले गेले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. पुण्याच्या पेशव्यांमुळे मराठी माणसाच्या ओळखीचे झालेले हे पद त्याही आधी दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात होते. विशेष असे की, हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्याने सुमारे एक हजार हबशी गुलाम आपल्या पदरी बाळगले होते. अंबर त्यांपैकी एक झाला.

येथे दख्खनमधील गुलामगिरीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. कॅरिबियन बेटांवरील गुलाम मळ्यावर राबे आणि बहुधा तेथेच मरे; त्याच्या मुलांच्या नशिबीही तोच मळा असे. दख्खनच्या सुलतानांना मात्र गुलाम हवे होते ते घोड्यावर बसण्यासाठी आणि किल्ल्यांच्या रखवालीसाठी. ज्याला या देशात भाऊबंद नाहीत, वतन नाही, तो आपल्या धन्याशी एकनिष्ठ राहील, असा त्यामागचा हिशेब होता. दरबारात इराण-तुराणहून आलेल्या सरदारांचा गट आणि दख्खनी सरदारांचा गट यांच्यात सतत चुरस असे. हबशी बहुधा दख्खनी गटाच्या बाजूने उभे राहत, कारण त्यांना परत जायला दुसरा देश उरलेला नव्हता. धनी मेला की बहुतेक हबशी स्वतंत्र होत आणि आपल्या तलवारीच्या बळावर चाकरी शोधत.

हा प्रकार केवळ दक्षिणेत होता असे नाही. बंगालच्या सुलतानांनीही पंधराव्या शतकात हजारो हबशी सैन्यात आणि राजवाड्याच्या पहाऱ्यावर ठेवले होते. 1487 मध्ये त्या पहारेकऱ्यांनीच राजसत्ता बळकावली आणि पुढील सहा-सात वर्षे गौडच्या सिंहासनावर हबशी सुलतान बसले. माल्दा जिल्ह्यात गौडच्या अवशेषांत आजही उभा असलेला फिरोज मिनार हा त्यांपैकी सैफुद्दीन फिरोजशाह याने बांधलेला आहे. तेथील हबशांची सत्ता मात्र खून आणि प्रतिखून यांतच संपली आणि 1494 च्या सुमारास ते बंगालमधून हाकलले गेले. सिंहासन मिळवूनही त्यांना राज्य उभारता आले नाही. अंबरने सिंहासनावर बसण्याचा कधी प्रयत्न केला नाही. राज्य मात्र उभे केले. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे अंबरच्या कर्तृत्वाचे मोल कळते.

चंगीझखानाच्या पदरी अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. महसूल कसा गोळा होतो, सरदार कसे सांभाळायचे, फौजेला पगार वेळेवर मिळाला नाही तर काय होते, हे सारे त्याने तेथे शिकले. 1574-75 च्या सुमारास चंगीझखानाचा अंत झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला दास्यातून मुक्त केले. त्या वेळी तो पंचविशीच्या आसपास होता. पुढची वीस वर्षे त्याने साध्या शिपायाप्रमाणे काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत गेला. तेथे लहानशा तुकडीचे नायकत्व आणि मलिक हा किताब त्याला मिळाला. परंतु तुकडी पोसण्यापुरतेही साहाय्य मिळेना, तेव्हा 1595 च्या सुमारास दीडशे स्वार घेऊन तो अहमदनगरच्या मुलखात परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराला जाऊन मिळाला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच्यापाशी दीडशे घोडेस्वारांखेरीज दुसरे काही नव्हते.

तो परतला ती वेळ निजामशाहीच्या अस्तित्वाचीच कसोटी पाहणारी होती. अकबराच्या फौजांनी अहमदनगरला वेढा घातला होता आणि चांदबिबीने विलक्षण धैर्याने किल्ला लढवून वऱ्हाडच्या बदल्यात तह पदरात पाडला. पुढे दरबारातील फुटीने घात केला. 1600 साली चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि अल्पवयीन सुलतानाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले. दिल्लीच्या दृष्टीने निजामशाही संपली होती.

अंबरने ती संपू दिली नाही. राजघराण्यातील एका तरुणाला शोधून काढून परांडे किल्ल्यावर त्याने त्याला मुर्तझा निजामशाह म्हणून राज्याभिषेक करविला आणि आपली कन्या त्याला दिली. स्वतः तो पेशवा झाला. तोवर त्याच्याभोवती सात हजार स्वार जमले होते. राजधानी हातची गेली होती, खजिना नव्हता. होती ती केवळ डोंगरदऱ्यांची जाण आणि माणसे जोडण्याची हातोटी. 1602 साली नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला, तेव्हा त्याच्या हबशी स्वारांनी प्राणांची पर्वा न करता त्याला रणांगणातून बाहेर काढले. मोगल सेनापती होता खानखानान अब्दुर रहीम, ज्याचे हिंदी दोहे भारतातील शाळांत मुले अजूनही पाठ करतात. पुढली कित्येक वर्षे हा कवी-सेनापती आणि हा हबशी पेशवा एकमेकांना जोखत राहिले; कधी तह झाले, कधी ते मोडले. निजामशाहीतील त्याचा प्रतिस्पर्धी राजू दख्खनी याचाही अंबरने 1607 मध्ये पाडाव केला आणि राजधानी जुन्नरला व नंतर दौलताबादला नेली.

मोगलांचे सामर्थ्य तोफखान्यात आणि भारी घोडदळात होते. मोकळ्या मैदानात त्यांच्याशी सामना करणे म्हणजे विनाश, हे अंबरने ओळखले. त्याने मावळ आणि मराठवाड्यातील मराठा स्वारांना जवळ केले. हे स्वार हलक्या घोड्यांवर, थोड्या शिध्यावर लांबची मजल मारीत. शत्रूची रसद तोडावी, रात्री छावणीवर छापा घालावा, पाठलाग झाला की डोंगरांत पांगावे आणि शत्रू थकला की पुन्हा एकत्र यावे, असे त्याचे युद्धतंत्र होते. 1610 साली इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदवले आहे. मालोजी व विठोजी भोसले निजामशाहीच्या याच पडत्या काळात पुढे आले आणि मालोजींचे पुत्र शहाजीराजे अंबरच्याच काळात रणांगणावर तयार झाले.

मोगलांच्या फारसी बखरकारांनी या मराठा स्वारांना बर्गी म्हटले. सरकारी घोड्यावर बसणारा स्वार तो बारगीर. त्याचेच हे रूप. हाच शब्द पुढे सव्वाशे वर्षांनी बंगालमध्ये येऊन पोहोचला. 1741 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करू लागल्या, तेव्हा भागीरथीच्या पश्चिम तीरावरील मुलखाने, म्हणजे आजच्या हावडा-हुगळी-वर्धमानच्या बाजूने, त्याचा सर्वाधिक ताप सोसला. बर्गी हा शब्द बंगाली अंगाईगीतात भयाचा शब्द म्हणून कायमचा रुतून बसला आणि पूर्व तीरावर कलकत्त्याच्या रहिवाशांनी 1742 मध्ये मराठा खंदक खणला. मोगलांच्या आक्रमणापासून स्वतःचा मुलूख राखण्यासाठी दख्खनच्या डोंगरांत घडलेले शस्त्र बंगालच्या शेतकऱ्यावर चालवले गेले, ही इतिहासातील खेदाची गोष्ट आहे. हावड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो, आणि त्याचा उगम अंबरच्या छावणीपर्यंत जाऊन भिडतो.

रणांगणाइतकेच अंबरचे लक्ष नगररचनेकडे होते. दौलताबादच्या जवळ खडकी नावाचे लहानसे गाव होते. 1610 च्या सुमारास तेथे त्याने नवे नगर वसवले. 1612 मध्ये मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभारला, मशिदी आणि वाडे बांधले. परंतु त्याचे सर्वांत मोठे काम डोळ्यांना न दिसणारे होते. पावसाच्या भरवशावर असलेल्या त्या खडकाळ भूमीत मोठी वस्ती पाण्यावाचून टिकणार नव्हती. उत्तरेच्या डोंगरांत जमिनीखाली झिरपणारे पाणी अडवून, ते बांधीव भुयारी पाटांतून केवळ उताराच्या साहाय्याने नगरापर्यंत आणण्याची योजना त्याने केली. पाटावर ठिकठिकाणी झरोके ठेवून हवा खेळती राहील आणि गाळ काढता येईल, अशी सोय केली. नहर-ए-अंबरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेने शेकडो वर्षे नगराची तहान भागवली आणि तिचे भाग आजही अस्तित्वात आहेत. शत्रूने खडकी दोनदा उद्ध्वस्त केली. 1616 साली रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाल्यावर मोगलांनी नगर जाळले आणि 1621 मध्ये शाहजादा खुर्रमच्या फौजांनी पुन्हा ते उजाड केले. दोन्ही वेळा ते पुन्हा वसले, कारण जमिनीखालचे पाणी वाहत होते.

जमीन महसुलाची त्याची व्यवस्था महाराष्ट्राच्या ग्रामजीवनावर खोल ठसा उमटवून गेली. तोवर सरकार महसुलाचा मक्ता देई आणि मक्तेदार शेतकऱ्याला मनसोक्त लुटे. अंबरने मक्त्याची पद्धत मोडली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवावी, पिकाचा अंदाज घ्यावा आणि उत्पन्नाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका सारा रोखीने घ्यावा, असा नियम घातला. जो कुणबी पिढीजात जमीन कसतो, त्याचा त्या जमिनीवरील मिरासी हक्क मान्य केला. गावचा पाटील आणि कुलकर्णी यांना जबाबदार धरले व हिशेबाच्या कामावर ब्राह्मण कारभारी नेमले. लढायांनी उजाड झालेली गावे यामुळे पुन्हा लागवडीला आली. पुढे कित्येक पिढ्या मराठी कागदपत्रांतून मलिकंबरी धाऱ्याचा उल्लेख येत राहिला आणि शिवकालीन जमीन मोजणीलाही त्याचा पाया उपयोगी पडला. स्वतःच्या आईबापांचा ठावठिकाणा ज्याला ठाऊक नव्हता, त्याने कुणब्याच्या बापजाद्यांच्या हक्काची नोंद सरकारी दफ्तरात पक्की केली.

त्याचे व्यक्तिमत्त्व भारदस्त होते. 1617 मध्ये पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी त्याला भेटला. चापू हे त्याचे मूळ नाव त्या व्यापाऱ्यानेच टिपून ठेवले आहे. उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा आणि आपल्या मुलखात चोख बंदोबस्त ठेवणारा असा अंबर त्याच्या वर्णनातून दिसतो. जहांगीर बादशाहाला मात्र त्याचा कमालीचा द्वेष वाटे. आपल्या आत्मचरित्रात तो अंबरचा उल्लेख सदैव त्याच्या वर्णावरून हिणवून करतो. 1616 च्या सुमारास त्याने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र करवून घेतले. त्यात भाल्याच्या टोकावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशाह बाण सोडताना दाखवला आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचे मस्तक जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही. पराक्रमाने जे साधले नाही ते बादशाहाला रंगांनी साधावे लागले.

अंबरच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय वयाच्या पंच्याहत्तरीनंतर आला. 1624 मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, रसद तोडली, रात्रीच्या छाप्यांनी त्यांची झोप उडवली आणि मग निर्णायक हल्ला चढवला. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले. कवींद्र परमानंदाने शिवभारतात या लढाईचे वर्णन केले आहे. शिवाजी महाराजांच्या चरित्राला अंबरच्या रणांगणापासून आरंभ करावा, असे त्यांच्याच आश्रित कवीला वाटले, ही गोष्ट बोलकी आहे.

त्याच सुमारास अंबरच्या दारी एक अनपेक्षित पाहुणा आला. पित्याविरुद्ध बंड करून उठलेला शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, 1624 मध्ये ओरिसामार्गे बंगालमध्ये शिरला होता. वर्धमान घेऊन त्याने राजमहालजवळ सुभेदार इब्राहिमखानाला ठार केले आणि ढाक्यापर्यंत अंमल बसवला. परंतु अलाहाबादच्या बाजूला पराभव होताच त्याला पुन्हा दक्षिणेकडे पळ काढावा लागला. ज्याने तीन वर्षांपूर्वी खडकी उजाड केली होती, तोच शाहजादा आता आश्रयाला आला. अंबरने जुने वैर बाजूला ठेवून त्याला साहाय्य केले आणि बऱ्हाणपूरच्या वेढ्यासाठी फौज पाठवली. त्यात उदारपणा होता तसा मुत्सद्दीपणाही होता. दिल्लीच्या घरातली फूट दख्खनच्या हिताची होती.

14 मे 1626 रोजी सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वयात मलिक अंबरचे निधन झाले. शेवटपर्यंत त्याच्या सत्तेला कोणी बाधा आणू शकले नाही. मोगल दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याचे सेनापतित्व, न्याय आणि कारभार यांची मोकळेपणाने थोरवी गाइली आहे. शत्रूच्या दफ्तरात असा गौरव क्वचितच नोंदला जातो. त्याच्यामागे पुत्र फतेखान याला राज्य राखता आले नाही. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे एका बालसुलतानाला पुढे करून, अंबरने परांडे येथे जे केले तेच करून पाहिले. पण 1636 मध्ये माहुली किल्ल्यावर त्यांनाही शरणागती पत्करावी लागली. निजामशाही बुडाली; मात्र लहान फौजेने मोठ्या बादशाहीला कसे थकवावे, हा धडा भोसल्यांच्या घरात शिल्लक राहिला.

एवढे सांगून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो टाळता येत नाही. अंबर स्वतः मुक्त झाला. त्याने गुलामगिरी मोडली का? तशी कल्पनाही त्या काळच्या दख्खनमध्ये कोणाच्या मनात नव्हती. अंबरनेही आपल्या धन्याप्रमाणे हबशी गुलाम विकत घेतले, त्यांना शिकवले, लढाऊ बनवले आणि सरदारकीला चढवले. चापूसारखी मुले त्याच बंदरांतून, त्याच गलबतांतून येत राहिली. फरक इतकाच, की आता विकत घेणाऱ्यांत अंबरही होता. एकटा माणूस व्यवस्थेच्या पायथ्यापासून शिखरापर्यंत चढला तरी व्यवस्था जागच्या जागी राहू शकते, हे त्याच्या जीवनातून दिसते. हैतीत जे घडले ते याउलट होते. तुसाँ लूव्हेर्त्युर 1803 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील थंड डोंगरी किल्ल्यात कैदी म्हणून मरण पावला. त्याला ना नगर वसवता आले, ना आपल्या विजयाचा दिवस पाहता आला. पण त्याच्या लोकांनी गुलामांचा बाजारच बंद पाडला. एकाच्या वाट्याला दीर्घ सत्ता आणि शांत मृत्यू आला, दुसऱ्याच्या वाट्याला कैद आली; आणि लक्षावधींची मुक्ती मात्र दुसऱ्याच्या मार्गानेच झाली.

हुगळी नदीच्या काठी राहणाऱ्यांना हा फरक दूरदेशीचा वाटू नये. सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि आराकानी चाचे खालच्या बंगालमधील गावांतून माणसे पकडून नेत आणि त्यांतील कित्येक दख्खनच्या बंदरांत विकली जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या बाजारात मुले नावांतून आणून विकली जात असल्याची तक्रार न्यायमूर्ती विल्यम जोन्स यांनी 1785 मध्ये जाहीरपणे केली होती. पुढे ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने बंद केली, तेव्हा मळेवाल्यांना नवे मजूर हवे झाले. 1838 मध्ये याच नदीतून व्हिटबी आणि हेस्पेरस ही जहाजे गिरमिटिया मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाकडे निघाली. शिबपूरच्या वनस्पती उद्यानासमोर, पलीकडच्या गार्डन रीचच्या किनाऱ्यावरून पुढे कित्येक दशके अशी जहाजे सुटत राहिली.

तोडून आणलेली माणसे आपले सारेच विसरत नाहीत, हे मात्र दोन्हीकडे खरे ठरले. हैतीत पश्चिम आफ्रिकेतील निरनिराळ्या जमातींच्या देवता, ख्रिस्ती संतांची रूपे आणि नगाऱ्यांचा ठेका यांतून व्होडू हा धर्म आकाराला आला. 1791 च्या उठावाची शपथही अशाच एका रात्रीच्या विधीत घेतली गेली, अशी तेथील परंपरा आहे. भारतातील हबशांचे वंशज सिद्दी म्हणून ओळखले जातात. गुजरातमध्ये रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या आफ्रिकी संताचे स्थान आहे. अकीक दगडाचा व्यापार त्याच्या नावाशी जोडलेला आहे. तेथे त्याचा भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिस्रा यांचीही पूजा होते. उरुसाला मुगरमान हा पायांवर उभा असणारा नगारा आणि मलुंगा हे धनुष्यासारखे तंतुवाद्य वाजते आणि सिद्दी स्त्री-पुरुष धमाल नाचतात. सर्व धर्मांचे लोक तेथे नवस बोलायला येतात. कोकणात मुरुडच्या जंजिऱ्यावर सिद्दींची सत्ता 1948 पर्यंत टिकली. भाषा गेली, गावांची नावे गेली, तरी नगाऱ्याचा ठेका उरला. अंबरच्या बालपणातही असा एखादा ठेका असेल; त्याच्या गावाच्या नावाप्रमाणेच तोही इतिहासाने टिपला नाही.

त्याने वसवलेल्या नगराचे नाव पुढे अनेकदा बदलले. फतेखानाने ते फतेहनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद केले, आणि 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. भडकल दरवाजा जागच्या जागी उभा आहे. अंबरची कबर त्याने हयातीतच खुलदाबादला बांधून घेतली होती. सुफी संतांच्या दर्ग्यांच्या त्या गावात, साध्या घुमटाखाली तो विसावला आहे आणि जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. तेथून थोड्याच अंतरावर वेरूळ आहे: कैलास लेणे, मालोजीराजांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वराचे मंदिर आणि भोसल्यांची गढी. बंगालमधून सुटीत महाराष्ट्रात जाणारी कुटुंबे वेरूळला हमखास जातात. त्याच रस्त्यावर खुलदाबादला थांबून मुलांना ही कबर दाखवावी. शहाजीराजांच्या घरापासून काही कोसांवर हबसाणच्या डोंगरांतला चापू झोपलेला आहे आणि दोघांच्याही शेतांना एकाच खडकातले पाणी मिळत आले आहे.